सहा आठवड्यांची पाहुणी

मिरजेत दवाखान्यामागच्या आमच्या गल्लीत बनुबाई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता आणि तो तिला वाचता येत नव्हता. वाचायची गरजही नव्हती, कागदावरचं सगळं तिला तोंडपाठ होतं. नवऱ्याच्या घशातल्या गाठीला किरणांचे तीस शेक. आठवड्यातनं पाच दिवस, रोज एक, असे सहा आठवडे. मध्ये खंड पडता कामा नये. पडला तर आधीचं सगळं पाण्यात. खाटा ऑपरेशनवाल्यांना लागत, त्यामुळे शेकवाल्यांनी बाहेर राहायचं आणि वेळेवर हजर व्हायचं. उंब्रजच्या पलीकडच्या वाडीतून हे रोज जमणारं नव्हतं. तेव्हा खोली पाहिजे. सहा आठवड्यांची.

नवरा, जोतीराम, दवाखान्याच्या फाटकाशी लिंबाखाली लष्करातल्या काळ्या ट्रंकेवर बसून होता. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्याच्या आवाजावर कधी काळी शंभर माणसं डावी-उजवी वळली होती. आता घशातून नुसती हवा यायची, म्हणून जवळ पाटी आणि पेन्सिल ठेवायचा. पाटीवर तो लिहायचा आणि बायकोला वाचता येत नसल्यामुळे ती पाटी घेऊन वाचणारं माणूस शोधायची. तीस वर्षांच्या संसारात दोघांचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून होण्याची ही पहिली वेळ नव्हती. आधी पत्रं होती.

आमची गल्ली पेशंटांच्या नातेवाइकांवर जगायची. प्रत्येक घरात मागे एखादी खोली, तिला चुलीचा काळा कोपरा, आणि पंधरा दिवस, महिना, दोन महिने राहून जाणारी माणसं. पण ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आदल्या वर्षी कायदा बदलला होता आणि तात्पुरत्या कागदावर जो जिथे राहात होता तो एका तारखेला तिथलं कायमचं कूळ झाला होता. सकाळी मालक उठले ते निम्म्या घराचे मालक होऊनच. तेव्हापासून गल्लीतल्या रिकाम्या खोल्यांना कुलपं लागली. माणसं दारात आणि खोल्या रिकाम्या, अशी ती व्यवस्था होती, आणि ती उत्तम चालली होती.

बनुबाई दोन दिवस दारोदार हिंडली. पहिल्या घरी आजार काय ते विचारलं आणि घशाचा म्हटल्यावर दार निम्मं लागलं. दुसऱ्या घरी म्हणाले, माणूस इथंच गेला आणि नेमकं पंचक असलं तर घर सोडून आम्ही जायचं कुठं? तिसऱ्या घरी उलटी भीती. माणूस बरा झाला, इथलं पाणी मानवलं आणि हलेचना, तर? म्हणजे पेशंटाने मरायचं नाही, बरंही व्हायचं नाही, सहा आठवडे तसंच मध्ये लटकून राहायचं, अशी गल्लीची त्याच्याकडून एकूण अपेक्षा होती. चौथ्या घरी जात विचारली. जात पसंत पडली, पण मटण शिजवणार का, असा प्रश्न निघाला. तिचा नवरा तीन महिने पाणी गिळताना डोळ्यांत पाणी आणत होता.

रागावली की बनुबाईचा आवाज खाली यायचा आणि आदर वाढायचा. तिच्या बोलण्यात ‘आवं’ आणि ‘तुमी’ दाट व्हायला लागले की वाडीतली जाणती माणसं कामाचं निमित्त काढून उठत. चौथ्या घरी ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “आवं, तुमी लय मोठी मानसं. तुमास्नी आजार व्हनार न्हाई, त्यामुळं तुमाला कळनार बी न्हाई. बसा.” आणि स्वतःच उभी असताना त्यांना बसायला सांगून ती बाहेर पडली.

अशा रीतीने ती पाचव्या घराशी आली. ते घर तात्यासाहेब मगदुमांचं. त्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी राहात होतो. अकरा महिन्यांच्या कागदावर आलो होतो आणि कायदा बदलला त्या तारखेला आत होतो. तात्यासाहेबांना ज्या कुळाचा धसका बसला होता ते कूळ मीच, हे सांगून टाकलेलं बरं. दोन खोल्यांपैकी एकीत माझी पुस्तकं राहात होती. त्यांना आजार नव्हता. ती खोली सहा आठवडे देता आली असती, हे मला तेव्हाही सुचलं होतं. सुचून गेलं.

तात्यासाहेब जैन, हळदीचे जुने व्यापारी, पेढी पुतण्यांकडे सोपवून घरी बसलेले. वाईट माणूस नव्हते. बस्तीत रोज देवदर्शनाला जायचे, मुंग्यांना साखर घालायचे आणि सरकारचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. बनुबाईला त्यांनी नाहीच म्हटलं असतं, पण आतून त्यांच्या पत्नी गुणमालाकाकी आल्या. त्यांनी फाटकाशी ट्रंकेवर बसलेला माणूस सकाळी पाहिला होता. त्या नवऱ्याला म्हणाल्या, “द्या की ओ. सहा आठवडे काय जन्म आहे का?” आणि ओसरीवरच बसून राहिल्या. काकी ओसरीवर बसल्या की घरात जेवण वेळेवर होत नसे.

तात्यासाहेबांनी अटी सांगितल्या. खोलीत त्यांचं लोखंडी कपाट आणि सात पितळी हंडे आहेत, ते तिथंच राहतील, म्हणजे ताबा मालकाचा. किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे. रोज सकाळी सात वाजता ते येऊन कपाट उघडून बंद करतील. भिंतीला खिळा मारायचा नाही. चूल मांडायची नाही, स्टोव्ह चालेल. अंडं, मांस घरात नाही. दोन माणसांचं सहा आठवड्यांचं, तेवढंच सामान. आणि कुणी विचारलंच तर भाडेकरू म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं.

बनुबाई म्हणाली, “पावन्याला च्या तरी देत्यात.”

चहा काकींनी दिला. भाडं तात्यासाहेबांनी आगाऊ घेतलं.

बनुबाईचं आधीचं आयुष्य हे असं. चौदाव्या वर्षी लग्न. नवरा वर्षातनं दोन महिने घरी, उरलेले दहा महिने जमीन, म्हशी, सासू आणि तलाठी तिच्या एकटीकडे. उसाला पाणी रात्री मिळायचं, तर ती कंदील घेऊन पाटावर उभी राहायची. पोस्टमन वाडीपर्यंत यायचा कंटाळा करून पत्रं उंब्रजच्या हॉटेलात टाकायचा, तर एकदा तिने त्याची सायकल घरी नेऊन गोठ्यात बांधली आणि पत्रं घेऊन आल्यावर सोडली. मूलबाळ झालं नाही. त्यावर बोलायला आलेल्या बायकांना ती पाणी द्यायची, बसायला पाट मात्र द्यायची नाही. एकूण बाई रागावर जगली, आणि राग पुरला.

अशा बाईने रोज सकाळी सात वाजता एका माणसाला आपल्या अंथरुणावरून पाय टाकत कपाटापर्यंत जाऊ दिलं. तात्यासाहेब कपाट उघडत, आत बघत, बंद करत, हंड्यांवरून नजर फिरवत, आणि “हं” म्हणून जात. ती कोपऱ्यात जोतीरामसाठी आंबील ढवळत असायची. एकदा त्यांनी खोलीत नवा तांब्या पाहिला आणि तो कधी आला म्हणून विचारलं. ती म्हणाली, काल संध्याकाळी आला, जुन्यांशी अजून वळख न्हाई त्येची.

शेक मात्र रोज होत होते. गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळी पडली. आवाज आला नाही, पण पाणी सरळ उतरायला लागलं. दुपारी काकी येऊन बसत आणि पाटी वाचून दाखवत. हवालदार पाटीवर फार लिहीत नसे. म्हशीचं काय झालं, ऊस गेला का, असलंच. काकी ते मोठ्याने वाचत आणि बनुबाई नवऱ्याकडे न बघता काकींनाच उत्तर देई. त्याला ऐकू येत होतं, हे दोघींच्याही लक्षात राहायचं नाही.

पाचव्या आठवड्यात, बावीस शेक झालेले असताना, बुधवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी गुळाचा एक ट्रक उभा राहिला. त्यातून बनुबाईचा भाऊ धुळा उतरला, त्याच्यामागे वाडीचे दोन गडी उतरले, आणि मग शाळूची पोती उतरायला लागली. एकामागून एक नऊ. शेवटी, दोघांनी धरून, जातं.

हे कुणाला वेडेपणाचं वाटेल, पण वाडीच्या दृष्टीने यापेक्षा शहाणपणाचं काही नव्हतं. बनुबाई इकडे, तर तिचं रान भावकीने काढलं, मळलं, वारवलं. आता नवं धान्य ठेवायचं कुठं? बहात्तरचा दुष्काळ आत्ताच गेला होता. बंद घरात पोती ठेवली तर आठवड्यात कौलं उचकटली जातील, हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय रीत अशी की ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरात नवं धान्य उतरवायचं नाही. पहिल्या पोत्याला घरच्या बाईने कुंकू लावायचं, मगच ते आत जाणार. बाई मिरजेत, चूल मिरजेत, तर धान्यही मिरजेत. जातं आणलं ते धुळा मागे भेटून गेला तेव्हा बनुबाईने इथल्या गिरणीच्या पिठाला नावं ठेवली होती म्हणून. वाडीने बैठक घेऊन हे ठरवलं होतं. गुळाच्या ट्रकवाल्याला विनवणी झाली होती. धुळा घामाघूम, पण चेहऱ्यावर मोठं काम तडीस नेल्याचं समाधान.

तात्यासाहेब त्याच वेळी बस्तीतून आले. अंगणात नऊ पोती, दारात जातं, आणि बनुबाई पहिल्या पोत्याला कुंकू लावते आहे.

ते ओरडले नाहीत. व्यापाऱ्यासारखे एका पोत्याजवळ गेले, हाताने चाचपलं आणि हिशोब मांडला. क्विंटलचं पोतं. माणशी दिवसाला अर्धा किलो धरलं तर दोन माणसांना नऊ पोती अडीच वर्षं. पण पेशंट भाकरी खात नाही. म्हणजे एकट्या बाईला पाच वर्षं. “पाच वर्षांची बेगमी,” ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मला यातलं विशेष ज्ञान होतं. “आणि जातं. जातं कोण आणतं ओ सहा आठवड्यांसाठी?” मग बनुबाईकडे वळून त्यांनी शांतपणे सांगितलं, संध्याकाळपर्यंत खोली मोकळी करा.

धुळाला वाटलं बाईमाणसाचा अपमान झाला. तो पुढे झाला, बनुबाईने त्याला हाताने मागे सारलं. गल्ली जमली होती. सगळ्यांना तात्यासाहेबांचं पटत होतं. खोली न देणाऱ्यांना तर जास्तच पटत होतं. आठ शेक राहिले होते, आणि हे माहीत नसलेलं तिथं कुणी नव्हतं.

बनुबाईने पदर खोचला आणि आवाज खाली आणला.

“आवं तात्यासाब, तुमच्या मनात भ्या हाय, आमी बसू म्हनून. मग आसं करा. ही पोती माज्या खोलीत नगंत. तुमच्या कोठीत ठिवा, कुलूप तुमचं लावा, किल्ली कमरंला बांधा. शेक संपलं की आमी जातो, तवा द्या. न्हाई गेलो तर खावा तुमीच पाच वरसं.”

तात्यासाहेबांनी असा व्यवहार पाहिला नव्हता. ज्याच्या ताब्याला ते भीत होते त्याचंच वर्षाचं पोट त्यांच्या ताब्यात येत होतं. त्यांनी थोडा विचार केला, आणि कोठी उघडली. जातंही आत गेलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला नवा प्रकार सुरू झाला. तात्यासाहेब कपाट बघायला आले की त्यांचं झाल्यावर बनुबाई त्यांना म्हणायची, चला. मग दोघं अंगण ओलांडून कोठीकडे जात, ते कुलूप काढत, ती नऊ पोती मोजत, एकेकाच्या तोंडाची शिवण चाचपत, “हं” म्हणत, आणि परत येत. यजमान आणि पाहुणी यांच्यातला हा शिष्टाचार दहा दिवस बिनचूक पाळला गेला. दोघांपैकी कुणालाही त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी तिसावा शेक झाला. बनुबाईने ट्रंक भरली, धुळाला ट्रकचा निरोप धाडला. आणि दवाखान्यातून परतल्यावर तिने ट्रंक पुन्हा उघडली. डॉक्टरांनी तपासून आणखी पाच शेक सांगितले होते. गाठ निघाल्यासारखी आहे, पण पाच दिलेले बरे. सोमवार ते शुक्रवार.

ती तात्यासाहेबांकडे गेली आणि पाच दिवस मागितले. आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितल्याचं धुळालाही आठवत नव्हतं. तात्यासाहेब म्हणाले, सहा आठवडे ठरले होते. पाच दिवसांचे पाच महिने असेच होतात, मी पाहिलंय. बोलताना ते माझ्या खिडकीकडे बघत होते. ती म्हणाली, डॉक्टरचा कागद दाखवते. ते म्हणाले, कागद मीही एकदा दाखवला होता, कोर्टात. रविवारी दुपारपर्यंत खोली सोडा आणि पोती घेऊन जा, नाहीतर पोती मिळणार नाहीत.

रविवारी दुपारी ते आले तेव्हा बनुबाई खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. आत जोतीराम, शेजारी काकी. मी अंगणात होतो, मला तात्यासाहेबांनीच बोलावलं होतं, शिकलेला माणूस म्हणून बाईला चार गोष्टी समजावून सांगायला. मला चारांपैकी एकही आठवली नाही.

“उठा बाई,” तात्यासाहेब म्हणाले.

“न्हाई.”

“पोती जातील.”

“जाऊ द्यात.”

दुष्काळ काढलेल्या बाईने नऊ पोती शाळूविषयी हे शब्द काढणं म्हणजे काय, ते तात्यासाहेबांनाही कळलं असावं. मग तीच बोलली, आणि या वेळी आवाज खाली नव्हता, आदरही नव्हता.

“मला शिकवू नका ताबा म्हंजे काय. माज्या रानात तात्याबा म्हनून एकजन हुता वाट्यानं. लय राबायचा गडी. मी दर साली त्येला पाडव्याच्या आंदी उठवायची, सात-बाऱ्याला नाव लागंल म्हनून. एक डाव त्येनं हात जोडलं, काकू, एवढं हरभऱ्याचं पीक निगू द्या. पंधरा दिस मागत हुता. मी न्हाई म्हनलं. माजं बराबर हुतं, कायद्यानं. त्यो हरभरा मी खाल्ला. त्यामुळं तुमच्या मनात काय चाललंय ते मला तुमच्यापरीस जास्ती कळतंय, आन् म्हनूनच मी उठत न्हाई. सहा आटवडं मी पावनी हुते. आता तुमी म्हनताय ती मी झाले. कूळ. करा काय करायचं ते.”

आत जोतीरामने पाटी ओढली आणि काहीतरी लिहून ती बायकोपुढे धरली. बनुबाईने पाटी काकींकडे दिली. मी एव्हाना दाराशी आलो होतो, मला अक्षरं दिसली : ‘पुरे झालं. घरी चल.’ काकींनी पाटी वाचली. मग आपल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं, बनुबाईकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “पाणी मागतायत.”

हवालदाराने काकींकडे पाहिलं. फौजेत वरच्या हुकुमाचा अर्थ लावण्यात त्याची सतरा वर्षं गेली होती. त्याने पाटी पुसली. बनुबाईने पाणी दिलं, आणि तो प्याला.

तात्यासाहेब माघारी गेले. पोलीस आणता आले असते, पण पोलिसांना ते पाहुणे आहेत असं सांगावं लागलं असतं, आणि पाहुण्यांना हाकलण्याचं कलम त्यांना माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी सातला ते कपाट बघायला आले नाहीत. सोमवार ते शुक्रवार पाच शेक झाले, आणि दवाखान्यातून आल्यावर बनुबाई रोज त्याच उंबऱ्यावर राखण बसली. त्या पाच दिवसांत त्या घरात काकी सोडून कुणी कुणाशी बोललं नाही. काकी दोन्हीकडे बोलायच्या आणि दोन्हीकडून उत्तर यायचं नाही. घरचं जेवण रोज उशिरा व्हायचं.

शनिवारी सकाळी ट्रक आला. खोली बनुबाईने धुऊन काढली, भिंतीला एकही खिळा नव्हता. तात्यासाहेबांनी कोठी उघडली. नऊ पोती, आणि जातं. त्यांनी मोजली, तिने मोजली. एका पोत्याचीही शिवण हललेली नव्हती. पाच दिवसांचं भाडं तिने त्यांच्या हातात न देता कट्ट्यावर ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही. बाई खरंच चालली आहे हे डोळ्यांनी दिसल्यावर त्यांच्या मनावरचं काहीतरी उतरलं असावं, कारण ते एकदम मोकळं बोलले. म्हणाले, तपासणीला यावं लागेल दर तीन महिन्यांनी, तेव्हा एक-दोन दिवस लागले तर खोली आहे. संकोच करू नका.

आता ही मेहरबानी त्यांनी मनापासून केली होती, यात मला शंका नाही. तेच वाईट होतं.

बनुबाई ट्रकच्या पायरीवर चढलेली होती ती खाली उतरली.

“आवं तात्यासाब,” ती म्हणाली, आणि आवाज पुन्हा खाली आला होता, “तुमची खोली तुमाला लखलाभ. तुमी लय मोठी मानसं. पर माजा मालक आत मरनाशी भांडत हुता आन् मला दारात तुमच्याशी भांडाय लावलंत. ते पाच दिस मला त्येच्याजवळ बसायचं हुतं.”

ट्रक गेला. काकी आत गेल्या. तात्यासाहेब कट्ट्यावरचे पैसे बघत बराच वेळ उभे होते. मी माझ्या दोन खोल्यांत गेलो.

जोतीराम पुढे चार वर्षं जगला. आवाज आला तो घोगरा, पण बायकोशी भांडण्यापुरता पुरेसा. दर तीन महिन्यांनी तपासणीला दोघं यायचे. पहाटेच्या एसटीने निघायचे, कराडला गाडी बदलायची, दवाखान्याच्या रांगेत दुपार घालवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आजारी माणसाला एका दिवसात इतकी दगदग चांगली नाही, असं डॉक्टर दर वेळी सांगत. एक दिवस इथं राहा, रात्री झोपा, सकाळी जा. बनुबाई ऐकून घ्यायची. चार वर्षांत मिरजेत तिने एक रात्र काढली नाही. हवालदाराची हाडं त्या गाड्यांत खिळखिळी झाली, तो कुरकुर करायचा, आणि ती त्याला म्हणायची, गप बसा. राग तिचा होता आणि प्रवास त्याचा, हे मी काकींना एकदा बोलून दाखवलं. काकी म्हणाल्या, असंच असतंय ओ.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी काकी पिशवी घेऊन घराबाहेर पडत. तात्यासाहेब कुठे म्हणून विचारत नसत. स्टँडवर कराडची गाडी लागते त्या फलाटाजवळच्या बाकावर तिघं बसत, काकींनी आणलेलं मऊ काहीतरी जोतीराम हळूहळू खाई, आणि गाडी लागेपर्यंत दोघी बायका बोलत. एकदा गाडी चुकली. शेवटची होती. काकींनी बनुबाईचा हात धरला आणि घरी चल म्हणाल्या, पुष्कळ वेळ म्हणाल्या. बनुबाईने चौकशीच्या खिडकीवर जाऊन विचारलं. इस्लामपूरपर्यंत एक गाडी होती, पुढचं पुढं बघता येईल, असं खिडकीतला माणूस म्हणाला. तिने नवऱ्याला उठवलं आणि त्या गाडीत बसवलं.